बर्फाच्या गोळ्याची सावली

नेपच्यूनच्या पलीकडे, जिथून आपला सूर्यसुद्धा जरासा ठसठशीत ठिपकाच दिसत असेल, तिथे बर्फाचा एक गोळा फिरतो आहे. त्याला नाव नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर असतात तशी अक्षरं आणि आकडे आहेत. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला आपली दोन-अडीचशे वर्षं लागतात. म्हणजे माझे पणजोबा रांगत होते तेव्हा तो जिथे होता, तिथून अजून त्याची धड एक फेरीही झालेली नाही. अशा या गरीब गोळ्याला गेल्या हिवाळ्यात माझ्यामुळे काही दिवस एक चंद्र होता.

चंद्र देण्याची ऐपत आमच्या खानदानात आजवर कोणाची नव्हती. मीच पहिला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून अमरावतीच्या राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर माझी बैठक असते, आणि तिथे मी काय काय दिलं आहे याला सुमार नाही. सेमाडोहच्या वाटेवर वाघाने माझी मोटारसायकल अडवली, माझा वास घेतला आणि 'सरकारी दिसतो' म्हणून सोडून दिलं. अकोल्याच्या मे महिन्यात मी उन्हात ठेवलेल्या सायकलच्या सीटवर पापड भाजून खाल्ला, दुसऱ्या बाजूने परतूनसुद्धा. भातकुलीच्या एका लग्नात मी असा जेवलो की वाढप्याने नोकरी सोडली. ऐकणाऱ्यांना हे खोटं आहे हे माहीत असतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत असतं. या व्यवहारात कोणाचं काही जात नाही. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

माझी सून अमरावतीतच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मुलगा पुण्याला कंपनीत असतो, महिन्यातून एकदा येतो; पण सून आमच्याकडेच राहते आणि खरं सांगायचं तर घर तिच्याच भरवशावर उभं आहे. तिला आकाशाचा नाद आहे. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारा तिने काढायला लावल्या, तेव्हा बायको दोन दिवस बोलत नव्हती. नंतर शनीची कडी पाहिली आणि स्वतःहून म्हणाली, "राहू दे. कपडे खाली वायतीन."

मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी सून जेवता जेवता म्हणाली, "बाबा, आपल्या वऱ्हाडावरून एक सावली जाणार आहे."

मी म्हटलं, "कोणाची?"

तेव्हा तिने त्या बर्फाच्या गोळ्याचं सांगितलं. तो इतका लांब आणि इतका बारका की मोठमोठ्या दुर्बिणींतूनही नुसता ठिपका दिसतो. लांबीरुंदी काही कळत नाही. पण फिरता फिरता तो कधी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढून जातो, आणि तेवढे काही सेकंद तो तारा झाकला जातो. जिथून जिथून तारा झाकलेला दिसेल, तिथे तिथे त्या गोळ्याची सावली पडली म्हणायची. ही सावली पृथ्वीवरून एका पट्ट्यात सरकत जाते, आणि या वेळी तो पट्टा नेमका आमच्या भागावरून जाणार होता.

तिने ताटातली पोळी सरळ केली आणि चमच्याच्या दांड्याने तीन रेघा ओढल्या. "ही पोळी म्हणजे गोळा. ही अकोल्याची रेघ, जवळजवळ मधून. तिथे माझी मैत्रीण बसेल. ही त्याच्या वरची, अमरावतीची. इथे मी. आणि ही अजून वर, अचलपूर. कुठून तारा किती वेळ झाकला गेला ते मोजलं की रेघांची लांबी कळते, आणि रेघांवरून पोळी काढता येते."

"अचलपूरची रेघ तर पोळीच्या बाहेर गेली," मी म्हणालो.

"जाऊ शकते. गेली तर फारच छान. म्हणजे पोळीची कड अमरावती आणि अचलपूरच्या मध्ये कुठेतरी संपते, हे पक्कं होईल."

बायको म्हणाली, "आता ती पोळी खाशीन का तशीच ठेवशीन?"

अचलपूरला सुनेचा एक विद्यार्थी जाणार होता. ऐन वेळी त्याच्या घरी बहिणीचा साखरपुडा निघाला. सून डोकं धरून बसली. कॅमेरे दोनच होते, ते अकोल्याला आणि अमरावतीला लागणार. तिसऱ्या दुर्बिणीला माणसाचा डोळाच लावायचा होता, आणि डोळा कोणाचा मिळेना. अचलपूर माझी सासुरवाडी. चाळीस वर्षांचा जावई मी. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी आहे ना!"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी टपरी माहीत होती. मग हसली आणि म्हणाली, "चालेल बाबा. तुम्हाला दोनच शब्द बोलायचे आहेत. तारा गेला की 'गेला' आणि दिसला की 'आला'. त्यात फुगवायला जागाच नाही. आणि काहीच झालं नाही, तर काहीच बोलायचं नाही."

पुढचे काही दिवस तिने मला रोज संध्याकाळी गच्चीवर बसवून तो तारा शोधायला शिकवला. एका ठळक ताऱ्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, मग तिघा बारक्यांमधला मधला. मीही शिकलो. खोटं नाही सांगत. डोळे मिटून शोधू शकलो असतो. एक मोबाइल वेळ बोलणार, दुसऱ्या जुन्या मोबाइलवर सगळा आवाज भरला जाणार, आणि माझा डोळा ताऱ्यावरून हटणार नाही. एवढंच काम. "आणि बाबा," ती म्हणाली, "एकटेच बसा. गर्दी नको, उजेड नको."

मी साळ्याला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या पुढे थोडं जास्तही सांगितलं. म्हणजे असं की, आजवर जगात फार थोड्या लोकांना दिसलेली गोष्ट त्याच्या गच्चीवरून दिसणार आहे. सूर्यमालेच्या पार टोकावरून एक सावली निघाली आहे आणि ती त्याचं घर विचारत विचारत येऊन राहिली आहे.

एसटीत चढताना कंडक्टरने दुर्बिणीच्या गुंडाळलेल्या नळकांड्याकडे बघून विचारलं, "काका, हे काय हाय?"

"तोफ."

"तोपेले हाफ तिकीट लागते."

"जुनी आहे. सिनिअर सिटिझन."

"मंग बसवा खिडकीजवळ. वकली तर बाहीर वकीन."

परतवाड्यापर्यंत गोष्टी सांगत गेलो, सगळी बस माझीच होती. तिथून रिक्षा करून अचलपूर. घरी पोचलो तर पायरीवर चपला, अंगणात चपला, जिन्यात चपला.

"हे काय रे?" मी साळ्याला बाजूला घेऊन म्हटलं. "एकट्याले बसायचं होतं मले."

"घरचेच लोक हायेत भाऊजी," साळा म्हणाला. "गल्लीतले. आता गल्लीतले म्हंजे घरचेच."

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. माझी सासू, जी वर्षभर खालच्या खोलीतून ओसरीपर्यंतसुद्धा येत नव्हती, तिला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं, कानाला मफलर बांधून. आणि उजेडाचं म्हणाल, तर उजेड नव्हता. हेच तर मला आजही गिळता येत नाही. साळ्याने आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं. सगळ्या गल्लीने दिवे बंद ठेवले. टीव्ही बंद. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने बोर्डाचा दिवा काढला, गिरणी थांबवली आणि दळणं तशीच ठेवून तोही वर येऊन बसला. रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्यावर कोणीतरी पोतं चढवलं होतं. एवढा अंधार त्या गल्लीने वीज आल्यापासून पाहिला नसेल. आणि हे सगळं जवायासाठी. माझ्यासाठी.

त्या अंधारात मी दुर्बीण लावली. तारा सापडला, पहिल्याच झटक्यात.

वेळ आठच्या पुढेमागे होती. मी डोळा लावून बसलो. मोबाइल वेळ बोलत होता. मागे माणसं इतकी गप्प होती की गिरणीवाल्याच्या कपड्यांचा पिठाचा वास तेवढा कळत होता. मी पापणी लवू दिली नाही. डोळ्यात पाणी आलं, पण तारा सोडला नाही. हे एवढं मी खरं केलं.

ठरलेला क्षण आला, आणि गेला. तारा होता. जसाच्या तसा. हलला नाही, मंदावला नाही. एखादा माणूस रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभा असावा आणि बस भलत्याच रस्त्याने निघून गेलेली असावी, तसा तो तारा नुसता तिथे होता.

मला कळलं. अचलपूरची रेघ पोळीच्या बाहेर गेली. फारच छान! आता फक्त गप्प बसायचं.

"गेला का?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"थांब न बे. भाऊजी सांगतीन."

"टाइम तर होऊन गेला."

"काहून काई बोलून नाई राहिले?"

आणि सासू म्हणाली, "जवाईबुवा, थंडी वाजून राहिली आता. झालं काय?"

साळा माझ्या इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. त्याने गल्लीचे दिवे घालवले होते, माणसं वर चढवली होती, आणि उद्या सकाळी दुकान उघडून त्याला त्याच माणसांना साखर-तेल द्यायचं होतं.

मी ओरडलो, "गेला!"

गच्चीवर एक श्वास आत ओढला गेला. नुसता एक. सगळ्या गल्लीचा मिळून एक. मग अशी शांतता पसरली की काय सांगू. आयुष्यभर मी लोकांना हसवलं आहे, ओरडायला लावलं आहे. पण माझ्या एका शब्दावर एवढी माणसं श्वास धरून बसली, असं कधी झालं नव्हतं. दुर्बिणीत तारा लखलखत होता आणि मी त्या शांततेची मजा घेत होतो. लगेच 'आला' म्हणायला हवं होतं, निदान लवकर तरी. पण दोन-चार सेकंदांत कोणाचं समाधान होतं? मी अंमळ ताणलं. अजून थोडं ताणलं. मग म्हटलं, "आला!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. गिरणीवाला म्हणाला, "पाह्यला मी! बराबर त्या तुरीच्या वावरावर होता, पटकन इझला!" साध्या डोळ्यांना तो तारा दिसतच नव्हता. पण एकाने पाहिला म्हटल्यावर सगळ्यांनीच पाहिला. फक्त सासू म्हणाली, "मले तर काही दिसलं नाई बाप्पा." साळा तिला समजावून सांगत होता की आई, तुये डोये आता पैल्यासारखे नाई राह्यले.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. साळ्याने माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. "बाबा? अकोल्याला गेला! इथेही गेला, थोडा कमी वेळ! तुमच्याकडे?"

सगळी गच्ची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "इथंही गेला होता."

ती किंचाळली. आनंदाने. फोनचा स्पीकर खरखरला. मग खाली जाऊन आम्ही पाटवडी-रस्सा जेवलो, आणि मी तारा कसा गेला हे तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं वेगळं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर सुनेने रेकॉर्डिंग ऐकलं. टाळ्या ऐकून हसली. मग तिने वेळ बघितली आणि तिचं हसू थांबलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा.

"बाबा, तुमचा 'गेला' ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या मिनिटाने आहे. आणि तारा जास्त वेळ गेला आहे. अकोल्यापेक्षाही जास्त."

मी मनात म्हटलं, आता हिला कळणार. मी तयारच होतो हो. तिने नुसतं विचारलं असतं तरी मी सांगून मोकळा झालो असतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कागदावर बघत होती.

"म्हणजे ठरलेल्या वेळी तुमच्याकडे काही झालं नाही? बरोबर?"

"नाही झालं," मी म्हणालो. हे खरं होतं.

"म्हणजे मुख्य गोळा अचलपूरला लागलाच नाही! आणि मग मागून दुसरं काहीतरी आलं. बाबा, त्याच्यासोबत कोणीतरी आहे!"

असा चंद्र झाला. मी जन्म दिला आणि बारसं सुनेने केलं.

तिने परदेशातल्या त्या मंडळींना कळवलं जे अशा सावल्यांचे निकाल गोळा करतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद, लॅपटॉप, पोळ्यांच्या डब्यावर पेन्सिली. मला मात्र भूक राहिली नव्हती. बायको एकदा भाजी वाढताना माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी चार दिवसांपासून गोष्ट नाई सांगतली. ताप हाय काय?" मी म्हटलं, थकलो आहे. ती डाव भांड्यात आपटून आत गेली.

टपरीवर मात्र बातमी माझ्याआधी पोचली होती. अचलपूरहून साळ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं: आमच्या भाचसुनेने नवा चंद्र शोधला, आमच्या गच्चीवरून. ते फिरत फिरत अमरावतीत आलं. टपरीवाल्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. "चंद्रावाल्याकडून कसे घ्यायचे राजा?" मी तो चहा पाच घोटांत संपवला आणि पुढे दोन दिवस तिकडे फिरकलो नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सून आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. अकोल्याच्या मैत्रिणीशी. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"नाही, मी ते काढणार नाही... हो, मला दिसतंय की चंद्र गोळ्यापेक्षा मोठा होतोय. म्हणूनच ते महत्त्वाचं आहे... तू काय म्हणते आहेस ते मला कळतंय. तू माझ्या सासऱ्यांना खोटं ठरवते आहेस." मग आवाज चढला. "ते टपरीवर काय बोलतात ते मला ठाऊक आहे. मी त्यांना शिकवलंय. मी बसवलंय त्यांना रोज संध्याकाळी. माझ्या नावावर ती नोंद गेली आहे आणि माझ्या नावावरच राहील."

मी ओसरीत उभा होतो, हातात दुधाची पिशवी घेऊन. त्या मुलीने माझ्यासाठी मैत्रिणीशी भांडण केलं होतं. आणि मैत्रीण बरोबर होती.

रविवारी मैत्रीण अकोल्याहून स्वतः आली. तीही शिकवते, पण बोलायला सुनेपेक्षा धारदार. जिन्यातूनच म्हणाली, "काका, मी भांडायला नाई आली. मले फक्त तुमच्या तोंडून आयकायचं हाय."

टेबलाशी बसलो. बायकोने चहा ठेवला आणि जायच्याऐवजी तिथेच पदराला हात पुसत उभी राहिली.

"तारा गेला तवा कसा गेला काका? एकदम, का हळूहळू?"

"म्हणजे?"

"गोया मधात आला तर बटन बंद केल्यासारखा एकदम जाते. धुळीचं, वायूचं काही असलं तर मंद होत जाते. तुमी कसा पाह्यला?"

आणि काय सांगू, माझ्या तोंडाला सवय. सगळं आपोआप यायला लागलं. "हळूहळू," मी म्हणालो. "आधी कडेने जरा पिवळट झाला. मग कंदिलाची वात खाली करतात तसा..."

सून लिहून घेत होती.

तिची पेन्सिल कागदावर चालताना दिसत होती. 'हळूहळू. पिवळट.' माझं टपरीवरचं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. ती मान खाली घालून इतक्या काळजीने लिहीत होती, जणू पिवळट हा शब्द चुकला तर त्या गोळ्याला इजा होईल.

"थांब," मी म्हटलं. "लिहू नको."

"काय झालं बाबा?"

"तो गेलाच नाही."

पेन्सिल थांबली.

"तारा गेलाच नाही. मी पूर्ण वेळ बघत होतो. सगळे वाट बघत होते, त्यांनी दिवे घालवले होते, गिरणी बंद केली होती... मला म्हणवलं नाही की काही झालं नाही. म्हणून म्हटलं, गेला."

मैत्रिणीने हात कपाळाला लावला. बायको म्हणाली, "त्या राती मी हिच्या बाजूलेच होती. मले त्या फोनवरच समजलं होतं." मग माझ्याकडे नाही, सुनेकडे बघून, "मी सांगाले पायजे होतं. पण तू इतली खूश होती, बाई."

सून रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या कागदाकडे बघत होती, जिथे पिवळट लिहिलं होतं.

मी घाईघाईने म्हटलं, "पण हे खरं सांगतो. माझ्या मुलाची शप्पथ. तारा हलला नाही, मंदावला नाही, पापणी लवू दिली नाही मी. तू म्हणाली होतीस ना, बाहेर पडलं तर फारच छान? बाहेर पडलं होतं! ते घे ना. ते लिही."

"अवो काका!" मैत्रीण उसळून म्हणाली. "तुमी फक्त गप्प बसले असते तर आपल्या तिघायच्या नोंदीत तुमचीच सगयात भारी ठरली असती! कड सापडली असती!" मग सुनेकडे वळून, हळूच, "घेऊ या का ती? काही झालं नाई, म्हणून?"

"नाही."

"पण ते खरं हाय आता."

"असेल," सून म्हणाली. "मला वाटतं की खरंच आहे. पण ज्या नोंदीत एकदा 'गेला' आहे, तीच आता 'नाही गेला' म्हणून मी कशी देऊ? मी दुसऱ्या कोणाची घेतली असती का?"

"शप्पथ घेतो ना," मी म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि त्या 'बाबा'त काहीच रागाचं नव्हतं, "हे शपथेचं नाही हो."

डोळ्यांनी पाहिलेली एक खरी गोष्ट माझ्याकडे होती. सबंध आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी दुसरी पाहिली नव्हती. आणि ती आता कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

मग तिने लॅपटॉप उघडला. नोंद मागे घ्यायची तर कारण द्यावं लागतं. ती विचार करत बसली. मी म्हटलं, "मोतीबिंदू लिही. म्हातारा माणूस, डोळ्याला पाणी, चुकून वाटलं असेल." माझ्या डोळ्यात मोतीबिंदू नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला जमिनीत जायला जागा सापडेना. मग तिने एक ओळ लिहिली. मी इंग्रजी जेवढं जाणतो त्यावरून, निरीक्षकाने आपली नोंद मागे घेतली आहे, चूक माझ्या केंद्राची आहे, क्षमस्व, असं. माझ्या केंद्राची. स्वतःच्या नावावर घेतलं तिने.

पाठवून झाल्यावर ती म्हणाली, "अचलपूरला लोक अजून माझं नाव घेऊन सांगतायत. ते तुम्ही थांबवा. फोनवर नको. जाऊन या."

मी गेलो. या वेळी बसमध्ये माझ्याजवळ काही सामान नव्हतं आणि कोणी काही विचारलंही नाही.

साळा दुकानात होता. गिरणीवाला तिथेच पोत्यावर बसलेला. मला बघून दोघे उठले. "या या, चंद्रवाले!" मी उभ्या उभ्याच सांगितलं. तारा गेला नव्हता. मी खोटं बोललो. चंद्र नाही. सुनेने काही शोधलं नाही, तिचं नाव घेऊ नका.

आधी दोघे हसले. त्यांना वाटलं ही नवी गोष्ट आहे, पुढे मजा येईल. मी पुढे काही बोललो नाही तेव्हा साळ्याचं हसणं हळूहळू उतरलं.

"भाऊजी, मी माह्या डोयानं पाह्यला," गिरणीवाला म्हणाला.

"तो दुर्बिणीशिवाय दिसतच नाही भाऊ."

गिरणीवाला हातावरचं पीठ झटकत राहिला. झटकून झालं तरी झटकत राहिला. मग निघून गेला.

साळा बराच वेळ वजनाच्या काट्याशी चाळा करत होता. "मंग आता मी लोकायले काय सांगू?"

"सांग की काही झालं नाही."

"सगळी गल्ली अंधारात बसवली मी. काही झालं नाई, हे कोण आयकते?"

माझ्या लक्षात आलं की त्या संध्याकाळी मलाही नेमकं हेच वाटलं होतं. पण सून आणि तिची मैत्रीण, त्या दोघींनी तर ते ऐकलं असतं. हातात कागद घेऊन, आनंदाने ऐकलं असतं.

"आईले सांगतो मी," साळा शेवटी म्हणाला. "तिले परतवाड्याले डोये दाखवाले नेलं होतं मंगळवारी. तिले वाटते नजर गेली."

जेवायला बसवलं. जवायाला बसवतात तसंच, पाटावर, पहिला मान देऊन. साळ्याच्या बायकोने नेहमीसारखं वाढलं, तुपाची धार नेहमीएवढीच. सासू दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला एव्हाना कळलं होतं. ती म्हणाली, "पोटभर जेवा," आणि बस.

चाळीस वर्षांत त्या घरात मी जेवायला बसलो आणि कोणी म्हटलं नाही की मंग काय झालं भाऊजी, सांगा न, असं पहिल्यांदा झालं. मी खाली मान घालून जेवलो. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, आणि बाहेर गिरणी सुरू झाली होती.